मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर: कॅनडाच्या थंडीत नव्याने आलेल्यांसाठी

कॅल्गरी, एडमंटन, विनिपेग, सॅस्काटून अशा कुठल्याही शहरात पहिला हिवाळा काढला की कळतं, इथे रिमोट स्टार्टर ही काही चैनीची वस्तू नाहीये. उणे ३० ला सकाळी गाडीत जाऊन बसायचं, स्टिअरिंगला हात लावला की बोटं बधिर, काचेवर आतून बर्फ, आणि शेजारचा माणूस घरातूनच बटण दाबून गरम गाडीत जाऊन बसतो. आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत मॅन्युअलवरच शिकलेले, त्यामुळे इथेही सेकंडहँड मॅन्युअल गाडी घेतात, आणि मग रिमोट स्टार्टरसाठी दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस ‘स्टिक शिफ्ट? नो’ म्हणून मोकळा होतो.

तर बसवता येतो. व्यवस्थित बसवता येतो. पण दुकानवाले नाही का म्हणतात ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर इंजिन सुरूच होत नाही, ती काळजी गाडीच घेते. मॅन्युअल गाडीत गिअर कुठला पडलाय हे बहुतेक वेळा गाडीला स्वतःलाच माहीत नसतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी आहे आणि रिमोटने सेल्फ मारला तर स्टार्टर मोटरच गाडी पुढे ढकलते, आणि इंजिनने पकडलं की गाडी चालायला लागते, आत कोणी नसताना. समोर गॅरेजचं दार असेल, शेजाऱ्याची गाडी असेल, किंवा बर्फ फावडत असलेलं माणूस असेल.

त्यात आपली एक सवय. ड्रायव्हिंग स्कूलमधल्या सरांनी आपल्या डोक्यात बसवलेलं असतं की उतारावर गाडी लावली की गिअरमध्ये टाकायची. सवय चांगलीच आहे, पण रिमोट स्टार्टरच्या गाडीत हीच सवय सगळ्यात धोक्याची.

१. आधी ठरवा, तुमच्या गाडीला बसवावा का

खालीलपैकी काही लागू असेल तर विषय इथेच सोडा, ब्लॉक हीटर (विजेच्या प्लगला लावून इंजिन गरम ठेवणारा हीटर) आणि जाड हातमोजे यावर भागवा:

- गाडी कन्व्हर्टिबल आहे, म्हणजे छप्पर उघडतं. दार न उघडता कोणीही हात घालून गिअर टाकू शकतं. बॉक्सबरोबरच्या (म्हणजे रिमोट स्टार्टरच्या यंत्राबरोबरच्या) पुस्तिकेतही अशा मॅन्युअल गाडीत बसवू नका असं बजावलेलं असतं.
- कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी. ही प्रणाली फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांसाठी आहे.
- घराचा ड्राइव्हवे चांगलाच उताराचा आहे आणि दुसरीकडे गाडी लावायला जागा नाही. रिमोट स्टार्ट हवा तर गाडी न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकवर उभी राहणार. उतारावर हे मी तरी कोणाला सुचवणार नाही.
- हँडब्रेक ढिला आहे. आधी तो दुरुस्त करा, मग बाकीचं.
- गाडी घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये किंवा अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये असते. बंद जागेत इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि जोडलेल्या गॅरेजमधून तो घरात शिरतो. गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणजे भागलं असंही नाही. खिशात रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं तर काय, हाही विचार करा.

मागे सरकती काच असलेला पिकअप असेल तर ती काच कायम बंद ठेवायची, कारण तेच, हात आत जाऊ शकतो.

२. रेडी मोड समजून घ्या, हाच सगळ्याचा जीव आहे

मॅन्युअल गाडीसाठी चालणाऱ्या प्रत्येक चांगल्या बॉक्समध्ये एक पद्धत असते. कोणी तिला रेडी मोड म्हणतं, कोणी रिझर्व्हेशन मोड. कल्पना साधी पण एकदम हुशार आहे: गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे बॉक्सला कळत नाही ना, मग ते गाडीकडूनच सिद्ध करून घ्यायचं. गाडी उभी करताना साधारण असं करायचं असतं (कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो, तुमची पुस्तिका बघा):

इंजिन चालू, पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला. हँडब्रेक पूर्ण वर ओढा. ब्रेकवरचा पाय काढा, रिमोटचं बटण दाबा, पार्किंग लाइट चमकतात. आता चावी बंद करून काढून घ्या, इंजिन चालूच राहतं. सगळे जण खाली उतरा, दारं लावा, रिमोटने लॉक करा. लॉक झाल्यावर बॉक्स स्वतः इंजिन बंद करतो. झालं, गाडी रेडी.

म्हणजे काय झालं बघा. क्लच सोडलेला, आत ड्रायव्हर नाही, आणि तरी इंजिन चालू होतं. गाडी गिअरमध्ये असती तर चालू राहिलंच नसतं, गचका देऊन बंद पडलं असतं. त्यानंतर कुठलंही दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं तर रेडी मोड रद्द, कारण दार उघडलं म्हणजे कोणीतरी आत जाऊन गिअर टाकला असू शकतो. मग तुम्ही कितीही बटण दाबा, गाडी सुरू होणार नाही.

लोकांना याचाच कंटाळा येतो. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला गेलात, गाडी रेडी करून लावली, आणि मग आठवलं की तिळगुळाचा डबा डिकीतच राहिला. डिकी उघडली की रेडी मोड गेला, पुन्हा इंजिन चालू करून सगळं पहिल्यापासून. वैतागून काही जण इंस्टॉलरला सांगतात की तेवढं ‘ऑटोमॅटिक’ म्हणून सेट करून द्या, आणि काही महाभाग तसं करूनही देतात. कृपा करून हे करू नका. गावाहून बाबा आलेत, त्यांनी गाडी जरा पुढे घेतली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरले, तर त्या वेळी मधे उभा असणारा हा एकच मोड आहे.

एक भोक मात्र यातही आहे आणि ते पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं. दार उघडलं की मोड रद्द होतो, पण कोणी आतच राहिलं असेल तर? मागच्या सीटवर झोपलेलं पोर, नाहीतर कुत्रा. ते पुढे आलं, गिअरच्या दांड्याला लटकलं, तर बॉक्सला काही कळत नाही. म्हणून आधी सगळ्यांना खाली उतरवा, मग लॉक करा.

३. काय काय लागेल

कागद आणि माहिती:

- गाडीचं रजिस्ट्रेशन आणि व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक). नुसतं ‘सिव्हिक’ सांगून चालत नाही, साल, ट्रिम, चावीवाली की पुश बटणवाली हे सगळं लागतं, त्यावर वायरिंग बदलतं.
- दोन्ही चाव्या. काही गाड्यांत इमोबिलायझरचं (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचं) प्रोग्रॅमिंग करताना लागतात.
- इन्शुरन्सवाल्याला एक ईमेल, की असं असं बसवतोय. लेखी उत्तर जपून ठेवा.
- गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आधी विचारा. लीजची असेल तर लीज देणाऱ्याची परवानगी.

सामान:

- मॅन्युअलसाठी चालतो असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेला रिमोट स्टार्टर. कॉम्पुस्टार, वायपर, क्यूबेकची फोर्टिन ही इथे सर्रास दिसणारी नावं, पण प्रत्येक कंपनीचं प्रत्येक मॉडेल मॅन्युअलला चालत नाही.
- इमोबिलायझर बायपास मॉड्यूल, म्हणजे रिमोटने सुरू करताना इमोबिलायझरची अडचण दूर करणारा भाग. कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, म्हणजे त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक गाडीला हे लागणारच.
- बॉनेट पिन स्विच, एक-दोन रिले, डायोड, योग्य फ्यूज.
- डिजिटल मल्टिमीटर, सोल्डर गन, हीट श्रिंक नळ्या, कापडी टेप, झिप टाय, प्लॅस्टिकची ट्रिम काढायची पट्टी, १० मिमी सॉकेट.

बल्बवाला टेस्टर घरीच ठेवा. तो जास्त करंट ओढतो, आणि स्टिअरिंग कॉलमजवळ चुकून एअरबॅगच्या वायरला लागला तर भलतंच होईल. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हातच लावायचा नाही.

४. स्वतः करायचं की दुकानात

मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल तर दुकानात. ज्याने घरी बाकीचं वायरिंग केलंय त्याला जमू शकतं, पण पूर्ण शनिवार-रविवार ठेवा, आणि सोमवारी कामावर जायला दुसरी सोय असू द्या.

दुकानात गेलात तर किंमत शेवटी विचारा. आधी हे विचारा: मॅन्युअल गाड्या याआधी केल्यात का? चारही दारं आणि डिकी जोडणार की फक्त ड्रायव्हरचं दार? टॅकोमीटरचा (इंजिन किती वेगाने फिरतंय ते मोजणाऱ्या मीटरचा) सिग्नल घेणार का? क्लचचं काय करणार? शेवटच्या प्रश्नावर ‘ते आम्ही जंप करून टाकतो’ असं उत्तर आलं की थँक्यू म्हणून बाहेर पडा. का ते खाली सांगतो.

नवीन आलेल्यांना ओळखीतून कोणीतरी ‘आपला माणूस आहे, घरी येऊन स्वस्तात करून देतो’ असंही सांगतं. तो माणूस उत्तम असेलही, पण प्रश्न तेच विचारा आणि बिल मागा. बिल नसेल तर उद्या इन्शुरन्सवाल्याला दाखवणार काय?

५. वायरिंगचा क्रम

इथे रंग सांगत नाही, कारण गाडीगणिक बदलतात. तुमच्या साल-मॉडेलचा वायरिंग चार्ट घ्या आणि त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा.

पहिले बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि थोडा वेळ थांबा, एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज राहिलेला असतो. मग खालची पॅनेलं काढा. इग्निशन स्विचच्या जाड वायरी सापडतील: कायमचे १२ व्होल्ट, इग्निशन, अ‍ॅक्सेसरी, स्टार्टर. यातून भरपूर करंट जातो म्हणून जोड सोल्डर करून हीट श्रिंक घाला. वायरीवर चिमटा दाबून जोडायचे ते स्वस्त निळे-लाल क्लिप इथे अजिबात नकोत, उन्हाळ्यात चालतील आणि थंडीत आकसून ढिले पडतील. अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला द्या.

आता मॅन्युअलसाठीच्या खास वायरी. यातली एकही ऐच्छिक नाही.

टॅकोमीटर: बरेच बॉक्स नुसतं बॅटरीचं व्होल्टेज बघून इंजिन चालू झालं असा अंदाज बांधतात. मॅन्युअलमध्ये अंदाज नको, इंजिन खरंच फिरतंय की नाही हे कळायला हवं. सिग्नल इंजेक्टरच्या किंवा कॉइलच्या वायरवरून घेतात, नव्या गाड्यांत बायपास मॉड्यूल डेटा लाइनवरून देतो.

दारं: प्रत्येक दार. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराची वायर वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी असते, आणि घाईत एकच जोडली जाते. छताच्या दिव्याच्या वायरवरून सिग्नल घेतला तर दुसराच ताप, दार लावल्यावरही दिवा थोडा वेळ पेटता राहतो आणि बॉक्सला वाटतं दार उघडंच आहे, मग रेडी मोड लागतच नाही. दाराच्या स्विचवरूनच घ्या. हॅचबॅकची मागची झडपही दारच समजा.

हँडब्रेक: डॅशबोर्डवरचा लाल दिवा ज्या स्विचवर लागतो तीच वायर, मधे डायोड घालून. पण लक्षात घ्या, दांडा एक खाच वर आला तरी तो दिवा लागतो. बॉक्सला एवढंच कळतं की दांडा वर आहे, चाकं खरंच धरलीत का हे कळत नाही.

फूटब्रेक: ब्रेक दाबला की इंजिन बंद. कोणी काच फोडून आत बसला तर गाडी घेऊन जाता येऊ नये म्हणून.

बॉनेट पिन: मेकॅनिकचे हात बेल्टजवळ असताना गाडी सुरू होऊ नये म्हणून. पाणी साचणार नाही अशा जागी बसवा. इथल्या रस्त्यावरच्या मिठाने हा स्विच गंजतो आणि अडकून बसतो, दर वर्षी थंडीच्या आधी एकदा तपासा.

सुबारूसारख्या काही गाड्यांत गिअरबॉक्सवर न्यूट्रलचा स्विच असतो. असेल तर तोही जोडून घ्या, पण रेडी मोडच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही.

६. क्लच: इथे सगळ्यात जास्त आळस होतो

इथल्या मॅन्युअल गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. रिमोट स्टार्टरला तर पाय नाही, म्हणून क्लचचा स्विच दाबलाय असं गाडीला भासवावं लागतं. योग्य पद्धत म्हणजे रिले: बॉक्स गाडी सुरू करत असेल तेवढ्याच वेळापुरता रिले क्लच स्विचची दोन टोकं जोडतो, नंतर सोडून देतो. बॉक्समधून ‘चालू असताना अर्थिंग’ देणारी एक वायर येते, ती रिलेच्या ८५ ला, ८६ ला फ्यूजमधून १२ व्होल्ट, आणि ३० व ८७ क्लच स्विचच्या दोन वायरींना. काही गाड्यांत हे काम बायपास मॉड्यूलच डेटावरून करतो, मग रिले लागत नाही.

आळशी पद्धत म्हणजे त्या दोन वायरी कायमच्या पिळून टाकायच्या. मग चावीनेही क्लच न दाबता सेल्फ लागतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना असंच होतं, गिअरमध्ये चावी फिरवली की गाडी उडी मारायची, आठवत असेल. घरात गाडी शिकणारं कोणी असेल तर कायमचा जंपर म्हणजे स्वतःहून लावलेला सापळा.

७. प्रोग्रॅमिंग

बॉक्स मॅन्युअल मोडमध्ये टाका. कुठे एक वायरीचा लूप कापायचा असतो, कुठे जंपर बदलायचा, कुठे सॉफ्टवेअरमध्ये निवडायचं. मग टॅको शिकवा, इंजिन चालू ठेवून बॉक्स स्वतः सिग्नल ओळखतो. चालू राहायची वेळ १० ते १५ मिनिटं पुरते. बऱ्याच शहरांत विनाकारण इंजिन चालू ठेवण्यावर नियम आहेत, आपल्या शहराचा बघून घ्या.

८. तपासणी, दुकानातून गाडी ताब्यात घेण्याआधी

सपाट, मोकळी जागा. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे. गाडीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, मोबाइलवर शूटिंग करायलासुद्धा नाही. पूर्ण वेळ गिअर न्यूट्रलमध्येच, ‘गिअरमध्ये टाकून बघू काय होतं’ हा प्रयोग नको. प्रत्येक चाचणीच्या आधी गाडी नव्याने रेडी करायची:

- ड्रायव्हरचं दार उघडून बंद करा, लॉक करा, रिमोट दाबा. सुरू होता कामा नये.
- हेच बाकीच्या प्रत्येक दाराचं, डिकीचं, बॉनेटचं. एकेक करून, सगळी मिळून नाही.
- हँडब्रेक न ओढता रेडी मोड लावून बघा. लागता कामा नये.
- रिमोटने चालू असताना काच थोडी खाली ठेवून, हात घालून हँडब्रेक खाली करा. इंजिन बंद व्हायला हवं. तसंच ब्रेक दाबून बघा.
- चावीने, क्लच न दाबता सेल्फ मारा. काहीच व्हायला नको. सेल्फ लागला तर क्लच कायमचा जंप केलाय, गाडी तिथेच ठेवा आणि नीट करून मागा.

यात अर्धा तास जातो, दुकानवाला चुळबुळ करतो. करू दे.

९. रोज वापरताना

थंडीच्या देशात मॅन्युअलवाल्यांचा एक जुना पेच आहे. हँडब्रेकच्या केबलमध्ये पाणी शिरून गोठलं की ब्रेक सुटत नाही, म्हणून इथले लोक हिवाळ्यात हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवतात. रिमोट स्टार्टरला नेमकं उलटं लागतं. कॅल्गरीत तर चिनूक नावाचा गरम वारा आला की दुपारी सगळं वितळतं आणि पुन्हा थंडी पडली की तेच पाणी केबलमध्ये गोठतं. माझा हिशोब असा: केबलचं आवरण फाटलेलं असेल तर थंडीआधी बदलून घ्यायचं, आणि पाणी उडून लगेच गोठणार असं हवामान असेल, किंवा गाडी नुकतीच धुतली असेल, त्या रात्री रेडी मोडच्या नादी लागायचं नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि सकाळी चावीने सुरू करायची. उतारावर लावली तरी तेच.

दुसरं, आपण क्लच दाबून सेल्फ मारतो तेव्हा गिअरबॉक्स इंजिनपासून सुटा असतो. रिमोटने सुरू करताना क्लच दाबलेला नसतो, म्हणजे स्टार्टरला न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्समधलं काकवीसारखं घट्ट झालेलं ऑइल ढवळावं लागतं. बॅटरी जेमतेम असेल तर इथेच मान टाकते. बॅटरीवर सीसीए (थंडीत इंजिन सुरू करायची ताकद) म्हणून जो आकडा असतो तो उणे १८ डिग्रीला मोजलेला असतो, आणि आपल्याकडे पारा त्याच्या बराच खाली जातो. त्यामुळे बॅटरी तपासून घ्या आणि उणे १५-२० च्या खाली ब्लॉक हीटर लावाच, रिमोट स्टार्टर हा त्याला पर्याय नाही. हीटर रात्रभर नको, टायमरने निघायच्या दोन तास आधी लागला की पुरे. आणि हो, बटण दाबायच्या आधी हीटरची वायर प्लगमधून काढलीत ना, ते बघा, नाहीतर तशीच ओढत घेऊन जाल.

रात्रभर बर्फ पडला असेल तर सायलेन्सरचं तोंड आधी मोकळं करा. ते बुजलं असेल तर धूर गाडीखालून आत येतो, त्यामुळे बर्फ पडलेल्या सकाळी घरातून बटण दाबायचं नाही, आधी बाहेर जाऊन फावडं मारायचं.

गाडीत बसताना रिमोटने अनलॉक करा, बसा, चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा, सेल्फपर्यंत नाही, मग ब्रेक दाबा. काही बॉक्स मॅन्युअल मोडमध्ये दार उघडताच इंजिन बंद करतात, तुमचा तसा असेल तर तो बिघडलेला नाही. चावी आत ठेवून गाडी गरम करत ठेवू नका, अल्बर्टात पोलीस दर हिवाळ्यात ‘ऑपरेशन कोल्ड स्टार्ट’ म्हणून अशाच गाड्या शोधत फिरतात, कारण चोरही त्याच शोधत असतात.

ऑइल बदलायला, टायर बदलायला गाडी दिली की व्हॅले मोडमध्ये (रिमोट स्टार्ट तात्पुरता बंद ठेवणाऱ्या मोडमध्ये) टाका आणि रिमोट त्यांच्याकडे देऊ नका. गाडी विकाल तेव्हा रिमोटबरोबर बॉक्सची पुस्तिका, बिल आणि वायरिंगचे फोटो द्या, आणि घेणाऱ्याला समोर उभं करून रेडी मोड एकदा लावून दाखवा, त्याने आधी ऑटोमॅटिकच चालवली असेल तर दोनदा.